खर्चाचा नियम : 'फलन' म्हणजे काय व ते घरी कशास हवे?

बीजगणिताच्या अभ्यासात 'फलन' हा शब्द प्रथम भेटतो, तेव्हा पुष्कळ विद्यार्थ्यांस तो परका व रुक्ष वाटतो. एका संख्येस दुसरी संख्या जोडून देणारा नियम, एवढी त्याची व्याख्या पाठ करून ते ती परीक्षेत उतरवितात आणि पुस्तक मिटतात. पालकांपैकीही कित्येकांनी आम्हांस विचारले आहे की, 'बेरीज-वजाबाकी, टक्केवारी व व्याज इतके आले म्हणजे संसार चालतो. मग या फलनाचा उपयोग तो काय?' प्रश्न रास्त आहे, व त्याचे उत्तर देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होय.

आमचे उत्तर असे की, नवी मुंबईसारख्या नगरात राहणारे प्रत्येक कुटुंब दररोज फलनांच्याच आधारे पैसे देत असते. रिक्षाचे भाडे, मेट्रोचे तिकीट, विजेचे बिल, पुलावरील पथकर, ही सर्व फलने आहेत. फरक इतकाच की, ती दुसऱ्या कोणी तरी रचलेली असतात आणि आपण केवळ शेवटी आलेला आकडा वाचतो. तो आकडा कोणत्या नियमाने निघाला हे ज्यास उमगते, त्यासच तो बरोबर की चूक, टाळता येण्याजोगा की अपरिहार्य, हे ठरविता येते. ज्यास ते उमगत नाही, त्याच्या हाती पैसे देणे अथवा कुरकुर करणे यांखेरीज काही उरत नाही.

आपल्याकडे व्यवहारी हिशेबाचे जुने व उत्तम साधन म्हणजे त्रैराशिक. भास्कराचार्यांनी आपल्या 'लीलावती'त त्याचे विस्ताराने विवेचन केले आहे; ज्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा ती भाग आहे, तो ग्रंथ इ. स. ११५० मधला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटण येथे इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा उल्लेख त्यात आढळतो. तेव्हा हे ज्ञान आपल्या भूमीस नवे नाही. पाच शेर तांदळास इतके रुपये, तर बारा शेरांस किती, असे प्रश्न आपल्या आजी-आजोबांनीही तोंडी सोडविले असतील.

परंतु त्रैराशिकाच्या मुळाशी एक अट आहे, आणि ती विसरली की हिशेब फसतो. ती अट ही की, परिमाण दुप्पट झाले तर किंमतही दुप्पटच झाली पाहिजे. तांदळाच्या बाबतीत हे बहुधा खरे असते. नगरातील पुष्कळसे खर्च मात्र या अटीस बांधलेले नसतात. कोठे आरंभीच एक ठराविक रक्कम द्यावी लागते, कोठे दर मध्येच बदलतो, तर कोठे किंमत पायऱ्यापायऱ्यांनी चढते. अशा खर्चांसाठी त्रैराशिकाहून अधिक व्यापक साधन हवे, आणि तेच फलन होय.

आता फलन म्हणजे काय ते नीट पाहू. कोणी यास 'फल' म्हणतात, कोणी 'फलन', अर्थ एकच. एखादा नियम असा असावा की, त्यास एक संख्या दिली असता त्याने उत्तरादाखल एक, आणि एकच, संख्या द्यावी. त्या नियमास फलन म्हणतात. युरोपात लायब्निट्झ याने हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस गणितात आणला आणि ऑयलर याने १७३४ मध्ये त्यासाठी ती चिन्हपद्धती वापरली जी आज जगभर रूढ आहे. व्याख्येतील 'एकच' हा शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करून ठेवावा. बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करून एकीने जुडी वीस रुपयांस नेली व दुसरीने तीच जुडी पंधरास नेली, तर तेथे केवळ जुड्यांच्या संख्येवरून किंमत ठरत नाही. म्हणून ती किंमत जुड्यांच्या संख्येचे फलन नव्हे. याउलट, एकाच दराने वीज घेणाऱ्या दोन शेजाऱ्यांनी एकाच महिन्यात सारखीच वीज वापरली, तर त्यांचा वीज आकार सारखाच आला पाहिजे. तो तसा न आल्यास विचारणा करण्याचा त्यांस अधिकार आहे. म्हणजे 'एकास एकच' ही केवळ गणिताची अट नाही; व्यवहारात तीच न्यायाचीही अट ठरते.

प्रथम रिक्षाचे उदाहरण घेऊ. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात, व म्हणून नवी मुंबईतही, रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरास २६ रुपये व पुढे दर किलोमीटरास १७ रुपये १४ पैसे असे ठरविण्यात आले. अंतरास 'क्ष' व खर्चास 'ख' म्हटले, तर नियम असा मांडता येतो:

क्ष दीड किंवा त्याहून कमी असेल, तर ख = २६.
क्ष दिडाहून अधिक असेल, तर ख = २६ + १७.१४ × (क्ष − १.५).

समजा, स्टेशनापासून घर ४ किलोमीटरांवर आहे. तर ४ मधून १.५ वजा जाता २.५ उरतात, त्यांस १७.१४ ने गुणून ४२.८५ येतात; त्यांत २६ मिळविले की ६८.८५, म्हणजे पूर्ण रुपयांत ६९. घर ८ किलोमीटरांवर असेल, तर याच रीतीने १३७ रुपये येतात. हे जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे लांबच्या अंतरांस त्रैराशिक बहुतांशी चालते. परंतु अर्ध्या किलोमीटरासाठी रिक्षा केली तरी २६ रुपयेच पडतात, एक किलोमीटरासाठीही तितकेच व दीडासाठीही तितकेच. अर्धा किलोमीटर जाणाऱ्यास दर किलोमीटरास ५२ रुपये पडले! आलेख काढला, तर आरंभी रेघ आडवी धावते आणि दीड किलोमीटराच्या बिंदूपासून तिरपी वर चढू लागते. त्या आडव्या भागात पायी चालणे सर्वांत लाभाचे, हे आलेखाकडे पाहताच कळते. रात्री बारानंतर पहाटे पाचपर्यंत भाडे सव्वापट होते; तेव्हा आलेल्या उत्तरास १.२५ ने गुणावे, म्हणजे ६९ चे सुमारे ८६ होतात. वाटेत खोळंबा झाल्यास प्रतीक्षेचे पैसे निराळे लागतात. अर्थात खर्च तेव्हा अंतर व वेळ अशा दोन चलांवर अवलंबून राहतो.

येथे कोणी म्हणेल की, दर तर वारंवार बदलतात, मग हे सूत्र शिकून काय उपयोग? वस्तुतः फलन शिकण्याचा खरा लाभ येथेच आहे. १ मार्च २०२१ पासून हे आकडे २१ रुपये व १४ रुपये २० पैसे असे होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून २३ रुपये व १५ रुपये ३३ पैसे झाले. आणि २०२५ मध्ये २६ रुपये व १७ रुपये १४ पैसे. आकडे तीन वेळा बदलले, परंतु नियमाचा सांगाडा तोच राहिला. आडवी रेघ किंचित वर सरकली व तिरपी रेघ किंचित अधिक उभी झाली, इतकेच. ज्याने सांगाडा ओळखला, त्यास पुढेही केवळ नवे आकडे जुन्या जागी बसवावे लागतील.

दुसरे उदाहरण मेट्रोचे. बेलापूर ते पेंधर हा नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. त्यावर ११ स्थानके असून लांबी सुमारे ११ किलोमीटर आहे. आरंभी त्याचे भाडे १० रुपयांपासून ४० रुपयांपर्यंत होते. २०२४ च्या सप्टेंबरात ते कमी करण्यात येऊन ४ किलोमीटरांपर्यंत १०, ८ किलोमीटरांपर्यंत २० व त्यापुढे ३० रुपये असे झाले. येथे आलेखात तिरपी रेघच नाही. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे तीन आडव्या रेघा आहेत. अशा फलनास पायऱ्यांचे फलन म्हणावे. यातून एक सूक्ष्म गोष्ट शिकण्यासारखी आहे. अंतर सांगितले की भाडे एकच येते. पण 'मी २० रुपये दिले' एवढे सांगितले असता किती अंतर गेलात ते सांगता येत नाही. ते पाच किलोमीटर असेल, सहा असेल वा सातही असेल. सारांश, नियम एका दिशेने निश्चित असला म्हणजे उलट दिशेनेही तो निश्चित असतोच असे नाही. विद्यार्थी या ठिकाणी नेहमी अडखळतात. त्यांनी मेट्रोचे तिकीट आठवावे.

आता ज्या विषयात पालकांचे सर्वाधिक हित गुंतलेले आहे, त्याकडे वळू. तो विषय म्हणजे विजेचे बिल. आपल्या राज्यात महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग विजेचे दर ठरवितो. घरगुती ग्राहकांसाठी महावितरणाच्या दरांत १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० व त्यापुढे, असे युनिटांचे टप्पे केलेले असून पुढच्या टप्प्यास दर चढा असतो. याखेरीज बिलावर स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क इत्यादी रकमा असतात. या टप्प्यांविषयी एक गैरसमज आमच्या कानी वारंवार येतो. तो असा की, मीटर १०० च्या पुढे एक युनिट जरी गेला, तरी सर्वच्या सर्व युनिटांस चढा दर लागतो. या भीतीने महिन्याच्या अखेरीस पंखा बंद करून घामाघूम होऊन अभ्यास करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. म्हणून हा नियम उलगडून सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हिशेब सुलभ व्हावा म्हणून खरे दर बाजूस ठेवून आपण गोल आकडे कल्पू. पहिल्या १०० युनिटांस दर ५ रुपये, पुढील २०० युनिटांस १० रुपये, आणि स्थिर आकार महिन्यास १३० रुपये. इतर आकार तूर्त सोडून देऊ. तर १०० युनिटांचे बिल ५०० अधिक १३०, म्हणजे ६३० रुपये. आता १०१ युनिट झाले. गैरसमज खरा असता, तर १०१ ला १० ने गुणून व १३० मिळवून १,१४० रुपये झाले असते. परंतु नियम तसा नाही. पहिल्या शंभरांस जुनाच दर राहतो व केवळ एकशेएकाव्या युनिटास १० रुपये पडतात. म्हणून बिल ६४० रुपये होते. भीती पाचशेंची होती, वाढ निघाली दहांची! आलेखाच्या भाषेत सांगावयाचे तर, १०० या बिंदूपाशी रेघ तुटत नाही. ती तेथे मोडते, म्हणजे अधिक उभी होते, पण अखंड राहते. तुटणे आणि मोडणे यांतील हा भेद ज्या घरी कळला, त्या घरी एका युनिटापायी कोणी मुलाचा पंखा बंद करणार नाही.

याच फलनातून आणखी दोन व्यवहारी गोष्टी निघतात. पहिली ही की, काटकसरीचे मोल सर्वत्र सारखे नसते. वरील दरांनी २५० युनिट वापरणाऱ्या घराने दहा युनिट वाचविले तर १०० रुपये वाचतात. ९० युनिट वापरणाऱ्याने तितकेच वाचविले तर ५० च रुपये वाचतात. म्हणून बिलातील सरासरी दराकडे पाहू नये. आपल्या शेवटच्या युनिटाचा दर कोणता, ते पाहावे. दुसरी गोष्ट, एकाच मीटरावर दोन बिऱ्हाडे असतील तर काय होते? प्रत्येकाने १०० युनिट वापरले व मीटर वेगळे असले, तर दोघांची बिले मिळून १,२६० रुपये होतात. मीटर एकच असला, तर २०० युनिटांचे बिल ५०० अधिक १,००० अधिक १३०, म्हणजे १,६३० रुपये होते. वीज तितकीच, माणसे तितकीच, पण ३७० रुपये अधिक! एका स्थिर आकाराची बचत झाली खरी, परंतु चढ्या दराने ती गिळून टाकली. भाड्याच्या घरात राहणाऱ्या पालकांनी हा हिशेब अवश्य ध्यानात घ्यावा.

दोन फलनांची तुलना करावयाची झाल्यास कसे करावे, याचे उदाहरण अटल सेतूवरून घेऊ. शिवडी व न्हावा शेवा यांस जोडणाऱ्या या सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. त्या वेळी ठरलेल्या दरांप्रमाणे मोटारीस एका खेपेचा पथकर २५० रुपये, जाऊन-येऊन ३७५ रुपये व मासिक पास १२,५०० रुपये होता. 'रोज जावयाचे, तर पास काढलेलाच बरा' असे कोणासही सहज वाटेल. पण थोडे थांबून मांडणी करू. महिन्यात 'न' दिवस जाऊन-येऊन केल्यास खर्च ३७५ × न. पासाचा खर्च 'न' काहीही असला तरी १२,५००. दोन्ही समान केव्हा होतील? १२,५०० ला ३७५ ने भागता ३३ हून किंचित अधिक येतात. परंतु कोणत्याही महिन्यात ३१ हून अधिक दिवस नसतात! तेव्हा दिवसातून एकदाच जाऊन-येऊन करणाऱ्यास त्या दरांनी पास कधीच लाभाचा ठरला नसता. २५ दिवस जाणाऱ्याचा खर्च ९,३७५ च होतो. जो दिवसातून अनेक खेपा करतो, त्याचाच पासाने फायदा. दहावीच्या पुस्तकातील दोन रेषांचा छेदनबिंदू काढण्याचे जे उदाहरण, तेच हे. रेल्वेचा पास, वाचनालयाची वर्गणी अथवा दूरध्वनीची वार्षिक योजना यांची निवड करतानाही हीच रीत लावावी: दोन्ही नियम लिहावे, छेदनबिंदू काढावा, आणि आपण त्याच्या कोणत्या बाजूस आहोत ते प्रामाणिकपणे पाहावे.

शेवटी विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण. समजा, एका वर्गाची सहल कर्नाळ्यास जावयाची आहे. बसचे भाडे ९,००० रुपये, बसमध्ये जागा ५०, आणि जेवणखर्च दर मुलामागे १५० रुपये. मुले 'न' असतील, तर प्रत्येकाची वर्गणी ९,००० भागिले न, अधिक १५०. न = ३० असता वर्गणी ४५० रुपये; ४५ असता ३५०; ५० असता ३३०. मुले वाढतात तशी वर्गणी उतरते. पण ५१ वा विद्यार्थी आला की दुसरी बस करावी लागते आणि वर्गणी एकदम ५०३ च्या घरात जाते. येथे मात्र रेघ खरोखरच तुटली.

या उदाहरणात गणिताहून थोडे अधिक काही आहे. पन्नासांपैकी दहा मुलांस ३३० रुपये देणे जड जाऊन ती मागे राहिली, तर उरलेल्या चाळिसांस प्रत्येकी ३७५ रुपये पडतात. म्हणजे ४५ रुपये अधिक. ते अधिक पैसे बसमधील रिकाम्या बाकांसाठी गेले. आता दुसरा मार्ग पाहा. त्या दहांकडून केवळ १५० रुपये घेतले व बसचे भाडे उरलेल्या चाळिसांनीच उचलले, तर त्या चाळिसांस प्रत्येकी २२५ अधिक १५०, म्हणजे ३७५ रुपयेच पडतात. दहा मुले घरी राहिली काय आणि बरोबर आली काय, चाळिसांचा खर्च अगदी तोच! कोणास मागे ठेवून कोणाचाही एक पैसा वाचत नाही. वर्गप्रतिनिधींनी हा हिशेब फळ्यावर एकदा मांडावा. मग सहलीच्या वर्गणीची चर्चा निराळ्या वळणाने जाईल, असा आमचा विश्वास आहे.

फलनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नियम कितीही निर्दोष असला, तरी त्यास दिलेला आकडा चुकीचा असेल तर उत्तर चुकीचेच येणार. मीटर बिघडला असेल, वाचन नीट घेतले नसेल, तर सूत्र काय करणार? म्हणून बिलावरील मागील व चालू वाचन यांची वजाबाकी आधी करून पाहावी व चालू वाचन मीटराशी ताडून पाहावे. तसेच दर बदलल्याचे वृत्त ध्यानात ठेवून आपली सूत्रे वेळोवेळी ताजी करावी.

विद्यार्थ्यांनी सुटीत एवढे करावे. घरातील गेल्या सहा महिन्यांची विजेची बिले जमवावी. आडव्या अक्षावर युनिट व उभ्या अक्षावर रुपये घेऊन सहा बिंदू मांडावे. मग बिलावर छापलेले दर वाचून स्वतः सूत्र रचावे आणि आपले उत्तर बिलाशी जुळते का ते पाहावे. प्रथम जुळणार नाही. बहुधा वहन आकार किंवा वीज शुल्क सुटलेले असेल. ते शोधून पुन्हा करावे. पैशापर्यंत हिशेब जुळला की आई-वडिलांस जवळ बसवून तो समजावून सांगावा. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलाने वही आणली असता 'आता वेळ नाही' असे न म्हणता दहा मिनिटे ऐकावे, व जेथे कळणार नाही तेथे पुन्हा विचारावे. ज्या मुलास आपले सूत्र घरच्या माणसांस समजावून देता आले, त्यास ते परीक्षेतही विसरणार नाही. आणि पुढील महिन्याचे बिल दारी येईल, तेव्हा त्या घरी ते वाचू शकणारे निदान एक माणूस अधिक असेल.